न पाहिलेला चंद्र

आपण पाहत नसतांना चंद्र आकाशांत असतो काय? वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु खुद्द आइन्स्टाइन ह्यांनीं तो आपल्या एका सहकाऱ्यास विचारला होता.

पुंजसिद्धान्ताप्रमाणें सूक्ष्म कणांचे कांहीं गुण मापनापूर्वीं निश्चित नसतात. आइन्स्टाइन ह्यांस हें पटेना. सिद्धान्तच अपुरा आहे, असें त्यांनीं १९३५ सालीं दोन सहकाऱ्यांसह प्रतिपादिलें. नील्स बोर ह्यांनीं त्यास विरोध केला.

हा वाद बरींच वर्षें तत्त्वचर्चेपुरताच राहिला. १९६४ सालीं जॉन बेल ह्यांनीं दाखविलें कीं, एकत्र उत्पन्न झालेल्या दोन कणांचे गुण आधींच ठरलेले असतील, आणि एकाच्या मापनाचा दूरच्या दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर दोहोंच्या मापनांतील मेळास एक मर्यादा असलीच पाहिजे.

१९७२ सालीं फ्रीडमन व क्लॉझर ह्यांनीं आणि १९८२ सालीं आस्पे व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रकाशकणांवर प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली! त्या दोन समजुतींपैकीं एक तरी सोडणें प्राप्त झालें; आइन्स्टाइन ह्यांस तर दोन्ही प्रिय होत्या. २०२२ सालीं क्लॉझर, आस्पे व झाइलिंगर ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि बेल ह्यांचा तो निबंध आइन्स्टाइन ह्यांच्याच शंकेंतून निघाला होता. प्रामाणिक शंका खोटी ठरली, तरी वायां जात नाहीं.