नातवाचा डाव

‘स्कायरिम’ हा २०११ सालचा संगणकावरील खेळ. नातू त्यात वर्षभर रमला होता. हौशी मंडळींनी खेळात घातलेली भर, म्हणजे ‘मॉड’, मी उत्साहाने थेट मूळ फायलींवरच चढवली. पुढे ती काढायला गेलो, तो पोराचा जपून ठेवलेला डाव उघडेना! दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मग मॉड सांभाळणारी साधने पाहिली. ‘व्हॉर्टेक्स’ सोपे, परंतु तेही फायलींचे दुवे मूळ फोल्डरातच जोडते. ते काढता येतात खरे, पण माझे तोंड दुधाने पोळलेले! ‘मॉड ऑर्गनायझर २’ प्रत्येक मॉड निराळ्या फोल्डरात ठेवून, खेळ चालू असेपर्यंतच सारे एकत्र भासवते. यादीतला खालचा मॉड वरच्यावर मात करतो, एवढे उमजायला मला आठवडा लागला. तरी तेच घेतले. आता त्याची ‘प्रोफाइल’ वेगळी, माझी वेगळी.

“आजोबा, माझ्या यादीला हात लावायचा नाही हं!” असे त्याने बजावले आहे.