चकाकीखालचं पाणी

नागभीड तालुक्यातला एक मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. श्रावणातली उघडीप, सकाळचे नऊ. डोंग्यात बसून समोर बघितलं, तर पाणी म्हणून काही दिसतच नव्हतं. दिसत होता तो पांढरा, डोळ्यांत घुसणारा उजेड, तलावभर पत्रा अंथरावा तसा. डोंगा हाकणारे धीवर काका कपाळावर आडवा हात धरून त्या उजेडातूनच काहीतरी शोधत होते. मी भाच्यानं दिलेला गॉगल काढला, घातला, आणि कुणीतरी तो पत्रा अलगद उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. खाली शेवाळी पाणी, कमळाचे देठ, बुडालेलं एक खोड. खोडाशेजारी तांबूस ठिपक्यांचा एक गोळा स्वतःभोवतीच घुसळत होता. मरळीची पिल्लं. त्यांच्या हातभर खाली, काळसर, जागचा न हलणारा त्यांचा राखणदार. मरळीत आईबाप पिल्लांची राखण करतात हे मी वाचलं होतं. बघितलं ते त्या दिवशी.

पापणी लवायच्या आत तलाव उघडला आणि गॉगल काढताच मिटला. हे नेमकं होतं काय, याचा मी तेव्हापासून पिच्छा पुरवतो आहे.

गॉगल खरा समुद्रासाठी केलेला. भाचा गोव्यात सर्फिंग शिकतो, म्हणजे फळी घेऊन लाटेवर उभं राहायला. त्याच्या डोळ्यांना माझ्यासारखाच मोठा नंबर. साधा चष्मा लाट पहिल्या फटक्यात नेते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, कारण पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर बुबुळ नासवू शकतो. आणि चष्म्याशिवाय जायचं, तर येणारी लाट अंगावर येईपर्यंत नुसता धुरकट डोंगर. म्हणून हा उपाय: नंबरचा, पोलराइज्ड काचेचा, कानशिलांकडे वळलेला, मागून पट्ट्यानं बांधायचा आणि सुटलाच तर तरंगणारा गॉगल. त्यानं स्वतःसाठी केला तेव्हा माझ्या उणे साडेतीनचाही करून आणला. "मामा, तुमच्या तलावावर लाटा नाहीत, पण चकाकी तीच आहे," म्हणाला. अगदी खरं बोलला. चंद्रपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण पाण्यावर पडलेल्या उन्हाला खारं-गोडं कळत नाही.

आता ही चकाकी. सरळ खाली पाण्यात बघितलं तर पाणी फक्त दोन टक्के प्रकाश परतवतं, बाकीचा आत घेतं. म्हणून विहिरीत वाकून बघणाऱ्याला तळ दिसतो. नजर जसजशी तिरपी होत जाते तसतसं पाणी जास्त प्रकाश परतवू लागतं, आणि पार पलीकडच्या काठाजवळ ते जवळपास आरसाच होतं. आभाळाचा उजेड मोठा आणि तळातून वर येणारा अगदी मंद, त्यामुळे मोठ्या उजेडाखाली मासा दडून जातो. मासा तिथे असतोच. त्याचा प्रकाशही आपल्या डोळ्यापर्यंत पोचत असतो. फक्त त्यावर दुसऱ्याच प्रकाशाचं ओझं असतं.

ते ओझं वेगळं काढता येतं, कारण त्याला एक खूण असते. प्रकाश ही लाट आहे, आणि ती आपल्या वाटेशी काटकोनात थरथरते. खुंट्याला बांधलेला दोर हातानं वरखाली हलवा, लाट पुढे जाते. डावीकडे-उजवीकडे हलवा, तरीही जाते. उन्हात अशा सगळ्या दिशांची थरथर मिसळलेली असते. हे ऊन पाण्यावर पडलं की पाण्यातले इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलू लागतात, आणि त्यांच्या हलण्यातूनच परावर्तित प्रकाश जन्मतो. पण हलणारा इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो त्या रेषेत प्रकाश टाकू शकत नाही. एका ठराविक तिरपेपणाला वरखाली थरथरणाऱ्या प्रकाशाची नेमकी हीच अडचण होते: परतायची वाट आणि हलायची रेघ एकच येते, आणि तो परतूच शकत नाही. उरतो तो फक्त आडवा, पाण्याला समांतर थरथरणारा प्रकाश. तलावाची चकाकी ही अशी आडवी पडलेली असते.

तो तिरपेपणा स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ साली नियमात बसवला. पाण्यासाठी तो उभ्या रेषेपासून ५३ अंश येतो. पण अंश विसरा, डोंग्यातला हिशेब बघा. तुमचा डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर समोर दोन मीटरवरची चकाकी संपूर्ण आडवी असते. उंचीला १.३३ नं गुणा, म्हणजे अंतर मिळतं. आणि हा १.३३ कोण? पाण्याचा अपवर्तनांक, शाळेत पाठ केलेला. याच आकड्यामुळे वरून बघताना चार फुटांवरचा तळ तीन फुटांवर वाटतो, आणि भाल्यानं मासा मारणारा माणूस दिसणाऱ्या माशाच्या जरा खाली नेम धरतो. मासा किती वर दिसेल आणि चकाकी कुठे सगळ्यात आडवी पडेल, ही दोन्ही उत्तरं एकाच आकड्यात बसलेली आहेत. हे मला ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी मी दुपारभर दुसरं काही केलं नाही.

आडवी थरथर अडवली की चकाकी गेली. पण अडवायची कशानं? इथे गोष्ट वळून थेट आमच्याकडे येते.

गडचिरोली आणि मलेरिया ही नावं वर्षानुवर्षं जोडीनं ऐकू येतात. आमच्या आजीच्या पिढीला हिवतापावर एकच औषध ठाऊक होतं, कडूजहर कोयनेल, म्हणजे क्विनाइन. तिकडे ब्रिस्टॉलमध्ये विल्यम हेरापाथ नावाचे डॉक्टर होते. १८५२ साली त्यांच्या विद्यार्थ्यानं क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकलं, आणि त्यात पाचूसारखे हिरवे बारीक स्फटिक तयार झाले. हेरापाथ यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जिथे दोन स्फटिक एकमेकांवर आडवेउभे पडले होते, तिथे काळोख होता. प्रत्येक स्फटिक एकाच दिशेची थरथर आत सोडत होता, आणि दोघे मिळून सगळंच अडवत होते. ब्रूस्टर यांनी आपल्या कॅलिडोस्कोपवरच्या पुस्तकात या स्फटिकांचा उल्लेख केला. कॅलिडोस्कोपही त्यांचाच शोध. पुढे अमेरिकेत एडविन लँड या मुलानं ते पुस्तक वाचलं. मोठा स्फटिक वाढवणं कुणालाच जमत नव्हतं. लँड यांनी असंख्य सूक्ष्म स्फटिक एका पातळ पापुद्र्यात एकाच दिशेनं मांडले आणि १९२९ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याचंच पुढे पोलरॉइड झालं.

आजच्या काचेत क्विनाइन नाही, आयोडीन मात्र अनेकदा असतं. प्लास्टिकचा पापुद्रा एका दिशेनं ताणतात, त्याचे लांबलचक रेणू भाताच्या पेंढीसारखे समांतर होतात आणि आयोडीन त्यांना धरून ओळीनं बसतं. या ओळींच्या लांबीला समांतर थरथरणारा प्रकाश त्यांतच जिरतो. गॉगलमध्ये ओळी आडव्या ठेवतात, म्हणून आडवी चकाकी जिरते आणि खालच्या माशाकडून येणाऱ्या प्रकाशातली उभी थरथर डोळ्यापर्यंत पोचते.

नंबर या पापुद्र्यात नसतो. पापुद्रा भिंगाच्या थरांत बसवतात आणि नंबर मागच्या बाजूनं घासतात. तिरप्या नंबरवाल्यांच्या बाबतीत कारागिराची कसोटी लागते, कारण नंबरचा अक्ष हवा तसा वळवावा लागतो, पण आयोडीनच्या ओळी मात्र काटेकोर आडव्याच राहिल्या पाहिजेत. परीक्षा दुकानातच घेता येते. काउंटरवरच्या कॅलक्युलेटरसमोर गॉगल धरा आणि सावकाश फिरवा. एका ठिकाणी आकडे काळोखात बुडतात, कारण त्या पडद्याचा प्रकाशही एकाच दिशेनं थरथरणारा असतो. नुसत्या काळ्या काचेत असं काही होत नाही. ती मासा आणि चकाकी दोघांनाही सारखंच अंधारात ढकलते.

ही युक्ती शास्त्राच्या कामी लावणारा एक माणूस एके काळी नागपुरात सरकारी हिशेबखात्यात होता. १९१० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांची तिथे बदली झाली होती. पुढे १९२१ मध्ये ते विलायतेहून 'नरकुंडा' बोटीनं मुंबईला परतत होते. समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅली यांनी सांगितलं होतं. रामन यांच्या खिशात निकोल लोलक होता, म्हणजे त्या काळचा पोलराइज्ड गॉगलच. डेकवरून त्यांनी पाण्याकडे ब्रूस्टरच्या कोनात बघितलं आणि लोलक फिरवून आभाळाचं प्रतिबिंब पुसून टाकलं. निळाई गेली नाही. उलट अधिक गडद झाली. ती पाण्याची स्वतःची होती. मुंबई बंदरातूनच त्यांनी 'नेचर'ला पत्र धाडलं. त्या वाटेनं पुढे १९२८ चा रामन परिणाम आला.

माणसाला ही नजर विकत घ्यावी लागते, चतुराला ती जन्मजात असते. चतुर, मेफ्लायसारखे पाणकिडे आडव्या प्रकाशावरून पाणी ओळखतात आणि तिथे अंडी घालतात. काळ्या गाडीच्या चकचकीत बॉनेटवर एखादा चतुर शेपूट टेकवताना दिसतो, तो याचमुळे. त्याच्या दृष्टीनं तो तलावच आहे. डांबरी रस्त्यावर अंडी घालणाऱ्या मेफ्लायही नोंदल्या गेल्या आहेत. मला याचं फार वाईट वाटतं. लाखो वर्षं खरी ठरलेली खूण आपण रस्त्यावर पसरून ठेवली.

एका बाबतीत मात्र या गॉगलनं मला सर्फिंगच्या फळीवरून थेट भाताच्या बांधीत आणून सोडलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसाचा एक पडदा सरकत येतो, बहुतेकदा नाकाच्या बाजूनं. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात, गावात 'डोळ्यात मांस वाढलं' म्हणतात, आणि इंग्रजीत त्याला चक्क 'सर्फर्स आय' हे नाव आहे. उन्हातली अतिनील किरणं हे त्याचं मोठं कारण. नाकाच्या बाजूनंच का? ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवलं की कानशिलाकडून तिरपा आलेला प्रकाश बुबुळाच्या पारदर्शक घुमटातून वाकतो आणि पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. आपलाच डोळा भिंग होऊन स्वतःची कड भाजत राहतो. म्हणून सर्फिंगचा गॉगल कानशिलांकडे वळलेला असतो. आणि म्हणूनच मला सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडच्या रोवणीच्या बाया आठवतात. वर मोकळं आभाळ, खाली आभाळ धरून बसलेली बांधी, आणि दिवसभर वाकलेले चेहरे. त्यांच्या डोळ्यांसाठी सर्फिंगचं नाव कशाला हवं? हा आजार आधी शेतातल्या आणि पाण्यावरच्या माणसांचा आहे. चकाकी जाते म्हणजे अतिनील किरणं अडतात असं नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी काचेला वेगळं संरक्षण लागतं. ते नसलेला स्वस्त काळा गॉगल तर बाहुली मोठी करतो आणि त्या किरणांना दार उघडून देतो.

त्या सकाळी मी गॉगल काढून काकांपुढे धरला. "आधी दोरी बांधा भाऊ," ते म्हणाले, "पाण्यात पडलेलं पाणी काई वापस देत नाई." मग त्यांनी तो डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. नंबर माझा होता, त्यांना सगळं फिसकटलेलं दिसलं. मी म्हटलं, "घालू नका काका, हात लांब करून त्यातून बघा." त्यांनी हात लांबवला. त्या दोन बोटांएवढ्या काचेत तळ दिसत होता, काचेबाहेर सगळा तलाव पांढराफेक. "आता फिरवा." त्यांनी मनगट वळवलं, गॉगल उभा झाला, आणि काच उजेडानं भरून गेली. पुन्हा आडवा केला. खोड आलं, देठ आले, तांबूस गोळा आला. वल्हं डोंग्यात आडवं टाकून काका किती तरी वेळ मनगट तसंच वळवत राहिले.