एका मावशीला किती बाळे?

पाळणाघर पसंत करताना आईवडील भिंतीवरची चित्रे पाहतात, फी विचारतात, पाळीच्या वेळा जुळतात का हे बघतात. मुले किती आणि सांभाळणारी माणसे किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. डॉक्टर या नात्याने मला तोच पहिला वाटतो.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्या शिरूर व दौंड तालुक्यांत बाहेरगावची कितीतरी तरुण जोडपी राहायला आली. दोघेही कामाला, आजी मात्र गावाकडे. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या स्त्रियाही आहेत. साहजिकच घरगुती पाळणाघरे निघाली. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ती चालवणाऱ्या मावशी कंबरदुखीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी विचारतो, "दिवसाला किती पोरं उचलता?" उत्तर ऐकले की दुखण्याचे कारण निम्मे कळते.

आता साधा हिशेब करू. दीड वर्षाच्या आतली आठ बाळे आणि एक मावशी. आठ तासांत प्रत्येक बाळाचे लंगोट चार वेळा बदलायचे. पुसणे, बदलणे आणि साबणाने हात धुणे, यात पाच मिनिटे सहज जातात. म्हणजे 160 मिनिटे झाली. प्रत्येकाला तीन वेळा भरवायचे, एका वेळेला पंधरा मिनिटे धरली तर 360 मिनिटे. बेरीज 520 मिनिटे आणि आठ तासांची मिनिटे होतात 480! यात ढेकर काढणे, झोपवणे, रडणाऱ्याला कडेवर घेणे आणि मावशींचे स्वतःचे जेवण धरलेलेच नाही.

वेळ पुरत नाही तेव्हा पहिल्यांदा गळते ते हात धुणे. ज्या हाताने लंगोट बदलले त्याच हाताने दुधाची बाटली भरली जाते. मग एका बाळाचे जुलाब चार दिवसांत चौघांना होतात आणि चौघांचे पालक "दात येताहेत हो, डॉक्टर" म्हणत दवाखान्यात येतात. दातांचा यात काही दोष नसतो. पाळणाघरात हात कोण धुतो आणि केव्हा, हे विचारल्यावर खरे कारण समजते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माणसे कमी असली की गप्प राहणारे बाळ सर्वांना आवडू लागते. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पूर्वी तान्ह्या मुलाला अफूची गोळी चारून कामावर जात. 1920 च्या दशकातील सरकारी चौकशांतही याची नोंद झाली होती. त्या माता निर्दय नव्हत्या, बाळापाशी थांबायला दुसरे माणूस नव्हते इतकेच. आज अफू गेली, पण सर्दीचे गुंगी आणणारे पातळ औषध घरोघरी असते. "थोडंसं पाजलं की शांत झोपतो," हे वाक्य मी आईच्याही तोंडून ऐकले आहे आणि सांभाळणारीच्याही. अशा औषधांत क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रीन ही जोडी पुष्कळदा असते. चार वर्षांखालील मुलांना ती देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. झोपवण्यासाठी तर ती मुळीच नाही.

कायद्याला ही गोष्ट पूर्वीच कळली होती. 30 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे आणि ते बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या ताब्यात हवे, अशी तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यात होती. (1976 पूर्वी हा आकडा 50 होता.) 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. कामावर असणाऱ्या भगिनींनी आपल्या कंपनीत याची चौकशी जरूर करावी. सरकारच्या 'पाळणा' योजनेत जास्तीत जास्त 25 मुलांसाठी एक सेविका आणि एक मदतनीस आहे. चालत्या-बोलत्या मुलांचे यात निभावते, पण रांगत्या बाळांना हे प्रमाण मला अपुरे वाटते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक माणूस सक्तीचा आहे.

गल्लीतले घरगुती पाळणाघर कारखान्यांच्या कायद्याखाली येत नाही. तिथे पालकांनाच निरीक्षक व्हावे लागते. आणि उसाच्या फडावर तर ताईच पाळणाघर असते. आठ वर्षांची मुलगी शाळा सोडून धाकट्याला कडेवर घेऊन बसते, तिची मोजदाद कोणत्या तक्त्यात करायची?

दीड वर्षाखालच्या तीन-चार बाळांमागे एक मोठे माणूस असावे, असे मी पालकांना सांगतो. स्वयंपाक करणारी बाई त्यात मोजू नये. मावशी बाजारात गेल्या किंवा आजारी पडल्या तर कोण असते, हे विचारावे. मुले झोपली असताना खोलीत कोणी जागे असते का, हेही विचारावे. एखाद्या दिवशी न सांगता दुपारी जावे. माणसे वाढली की फी वाढणार, हे मात्र पालकांनी मान्य केले पाहिजे. महिना फी कमी करून घ्यायची आणि वर दुसरी बाई ठेवा म्हणायचे, हे जमणार नाही.

औषध द्यायचेच असेल तर किती आणि केव्हा हे कागदावर लिहून द्यावे, त्यावेळी फोनही करायला सांगावा. संध्याकाळी आणलेले बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटले, दूध ओढेना, हाक मारून हलवूनही नीट जागे होईना किंवा श्वास मंद वाटला, तर "दमले असेल" म्हणून पाळण्यात ठेवू नये. त्याच पावली रुग्णालय गाठावे, पाळणाघरात दिवसभरात काय पाजले हे फोनवर विचारावे आणि औषधाची बाटली सोबत न्यावी.