वैयक्तिक संगणकाची स्मृती : योग्य मात्रेचा विचार

वैयक्तिक संगणक विकत घेताना जे अनेक प्रश्न उपस्थित होतात, त्यांत स्मृती किती असावी हा प्रश्न वरकरणी सर्वांत सोपा वाटतो. ‘जितकी अधिक, तितकी बरी’ हे त्याचे रूढ उत्तर होय. परंतु शिष्यवृत्तीच्या बेताच्या रकमेतून यंत्र घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यास ते पुरत नाही. गरजेहून अधिक स्मृती घेतल्यास काही पैसा व्यर्थ जातो. गरजेहून कमी घेतल्यास मात्र संपूर्ण यंत्रच कामातून जाण्याचा संभव असतो. हे दोन दोष समान वजनाचे का नाहीत, हे ध्यानात आले म्हणजे योग्य मात्रा ठरविण्याची रीतही हाती येते.

येथे स्मृती म्हणजे व्यवहारात जिला ‘रॅम’ म्हणतात ती मुख्य स्मृती. चालू असलेले प्रोग्राम व त्यांना लागणारी सामग्री तीत राहते आणि वीज बंद होताच नाहीशी होते. फायलींचा कायमचा साठा डिस्कवर असतो. मुख्य स्मृती अपुरी पडली तरी काम लगेच थांबत नाही, याचे श्रेय एका जुन्या कल्पनेस आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकाची मुख्य स्मृती अवघ्या १६,३८४ शब्दांची होती. तिच्या साहाय्यास ९८,३०४ शब्दांचे चुंबकीय ड्रम होते. स्मृतीचे ५१२ शब्दांच्या पृष्ठांत विभाजन करून, लागेल ते पृष्ठ ड्रमवरून आपोआप आणण्याची योजना त्यात होती. त्यामुळे प्रोग्राम लिहिणारास दोन्ही साठे मिळून एकच वाटत. आजचे वैयक्तिक संगणकही याच तत्त्वावर चालतात. ड्रमची जागा हार्डडिस्कने व पुढे एसएसडीने घेतली, इतकेच.

या सोयीची किंमत मात्र वेळाच्या रूपाने द्यावी लागते. मुख्य स्मृतीतून वाचण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद आणि एसएसडीवरून पृष्ठ आणण्यास सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात असे धरल्यास, दोहोंत हजारपटींचा फरक पडतो. दर हजार वाचनांपैकी एकाच वेळी पृष्ठ बाहेरून आणावे लागले, तरी सरासरी वेळ २०० नॅनोसेकंदांवर, म्हणजे दुपटीवर जातो; शंभरांत एकदा आणावे लागल्यास तो अकरापट होतो. हार्डडिस्कवरून पृष्ठ आणण्यास १० मिलिसेकंद धरले, तर हजारांत एका खेपेनेही वेग शंभरपटींनी मंदावतो. यावरून दिसते की तुटवड्याचा परिणाम तुटवड्याच्या प्रमाणात होत नाही. तो एका मर्यादेपलीकडे एकाएकी कोसळतो.

ही मर्यादा कोठे असते, याचे स्पष्टीकरण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केले. कोणताही प्रोग्राम आपली सर्व पृष्ठे सदैव वापरीत नाही. अल्प कालखंडात तो थोड्याच पृष्ठांकडे वारंवार वळतो. अशा पृष्ठांच्या समूहास ‘कार्यसंच’ म्हणता येईल. चालू प्रोग्रामांचे कार्यसंच मिळून मुख्य स्मृतीत मावत असतील, तर तीत आणखी भर घालून वेग फारसा वाढत नाही. ते मावत नसतील, तर एक पृष्ठ आणण्यासाठी दुसरे बाहेर टाकावे लागते, आणि लगोलग तेच पुन्हा हवे होते. मग यंत्राचा बहुतेक वेळ ने-आणीतच खर्ची पडतो. तात्पर्य, योग्य मात्रा म्हणजे कार्यसंच मावून थोडी जागा उरेल इतकी स्मृती.

कार्यसंचाचा अंदाज साध्या गुणाकाराने बांधता येतो. ए-फोर आकाराचे हस्तलिखित पान ६०० बिंदू प्रति इंच या सूक्ष्मतेने रंगीत टिपल्यास सुमारे ३ कोटी ४८ लाख बिंदू होतात. प्रत्येकास ३ बाइट धरता ते पान स्मृतीत सुमारे १०४ मेगाबाइट जागा घेते, मग डिस्कवरील संक्षिप्त फाईल कितीही लहान असो. ३०,००० ओळी व तितकेच स्तंभ असलेल्या सारणीस, प्रत्येक संख्येस ८ बाइट या हिशेबाने, ७.२ गिगाबाइट लागतात. तिचा व्यस्त काढून दोन्ही सारण्या जवळ ठेवावयाच्या झाल्यास १४.४ गिगाबाइट होतात. १६ गिगाबाइटचे यंत्र कागदावर पुरेसे दिसले, तरी कार्यप्रणाली व इतर प्रोग्राम यांचा वाटा वजा जाता ते येथे तोकडेच पडेल. ७ अब्ज प्राचलांचे भाषा-प्रतिमान १६ बिटांत ठेवण्यास १४ गिगाबाइट लागतात, तर ४ बिटांत सुमारे ३.५ पुरतात, म्हणजे कार्यपद्धती बदलूनही गरज घटविता येते.

हाती आधीचे यंत्र असल्यास प्रत्यक्ष मापन अधिक विश्वसनीय होय. नेहमीचे सर्वांत जड काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर किंवा मॅकमधील ॲक्टिव्हिटी मॉनिटर पाहावा. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. स्मृती भरलेली दिसणे हे तुटवड्याचे लक्षण नव्हे. कार्यप्रणाली रिकामी जागा अलीकडे वाचलेल्या फायली जवळ ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच सोडून देते. पृष्ठांची डिस्ककडे अखंड ये-जा चालू राहणे हेच खरे लक्षण होय. विक्रेत्याने सांगितलेल्या किमान मात्रेवरही विसंबू नये. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची किमान अट ४ गिगाबाइटची होती. पण ती प्रणाली चालण्याची अट होय, संशोधनाचे काम सुरळीत होण्याची नव्हे.

दोन व्यावहारिक बाबी शेवटी विचारात घ्याव्या लागतात. अनेक लॅपटॉपांत स्मृती मूळ फलकावरच डाख देऊन जोडलेली असते व मागाहून वाढविता येत नाही. अशा यंत्रासाठी पुढील तीन-चार वर्षांची गरज आजच धरावी लागते. जेथे पट्ट्या बदलता येतात, तेथे आजच्या गरजेपुरती स्मृती घेऊन पुढे भर घालणे शहाणपणाचे. मात्र एका मोठ्या पट्टीपेक्षा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बहुधा अधिक वेग देतात, कारण त्यांतून एकाच वेळी दोन मार्गांनी वाचन होते.

लेखन, वाचन व मध्यम आकाराच्या सारण्या एवढेच काम असणाऱ्यास १६ गिगाबाइट सामान्यतः पुरतात. त्यापुढील प्रत्येक दुपटीमागे मात्र एखादा निश्चित गुणाकार असावा. तो मांडता येत नसेल, तर तीच रक्कम सामग्रीची सुरक्षित प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या डिस्कवर खर्च करणे संशोधकाच्या अधिक हिताचे ठरेल.