घेताना चाळीस, देताना दहा

न्यू जर्सीच्या अगदी दक्षिण टोकाला, डेलावेअरची खाडी अटलांटिकला मिळते तिथे केप मे नावाचं गाव आहे. जुन्या व्हिक्टोरियन घरांसाठी प्रसिद्ध. या गावापासून ईशान्येकडे वाळूच्या अरुंद, लांबट बेटांची ओळ सुरू होते. पहिल्या बेटावर वाइल्डवुड, दुसऱ्यावर स्टोन हार्बर आणि अ‍ॅव्हलॉन, तिसऱ्यावर सी आयल सिटी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मैलोन्‌मैल खाजण, आणि बेटाबेटांना पुलांनी जोडत जाणारा ओशन ड्राइव्ह हा रस्ता. याच रस्त्याचं नाव घेतलेली ओशन ड्राइव्ह मॅरेथॉन मार्चच्या शेवटी भरत आली आहे. तिचा मूळ मार्ग केप मेपासून सी आयल सिटीपर्यंतचा, एकाच दिशेने जाणारा. एडिसन किंवा प्रिन्स्टनकडच्या मराठी धावपटूंना ही शर्यत गाडीने दोन-अडीच तासांवर पडते. मुंबई मॅरेथॉन पळालेल्या माणसाला मात्र ती पार वेगळी वाटते. इथे गाठ उकाड्याशी नसते, वाऱ्याशी असते.

मॅरेथॉन मार्चमध्येच का, याचं उत्तर हंगामात आहे. अमेरिकेच्या या किनाऱ्याचा हंगाम मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मेचा शेवटचा सोमवार ते सप्टेंबरचा पहिला सोमवार. २०२० च्या जनगणनेत केप मे काउंटीची लोकसंख्या लाखाच्या आत होती, पण जुलैत ती कित्येक पटींनी फुगते. तेव्हा ओशन ड्राइव्हवर गाड्यांची रांग असते आणि पूल अडवून माणसं पळवणं कुणालाही परवडणार नाही. मार्चमध्ये तोच रस्ता मोकळा. निम्म्या घरांच्या खिडक्या बंद, काही गावांत सिग्नलसुद्धा नुसते पिवळे लुकलुकत असतात. हॉटेलवाल्यांना एरवी रिकाम्या राहणाऱ्या खोल्या भरून हव्या असतात, पोलिसांना सवड असते. आयोजकाच्या दृष्टीने याहून सोयीचा महिना नाही. त्याची किंमत भरतो धावणारा: किनाऱ्यावरची सार्वजनिक स्वच्छतागृहं थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून बंद ठेवलेली असतात, टाळ्या वाजवायला फारसं कुणी नसतं, आणि वारा भन्नाट असतो.

वारा कुठून येईल, यावर सगळं गणित फिरतं. हा किनारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो आणि धावायचंही ईशान्येकडेच आहे. हिवाळ्यात इथला नेहमीचा वारा वायव्येचा, म्हणजे डाव्या हाताला खाजणावरून येणारा. एखादं वादळ दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वर सरकत असलं की ईशान्येचा वारा सुटतो आणि थेट तोंडावर येतो. अशा वादळाला तिकडे 'नॉरईस्टर' म्हणतात. मार्च १९६२ मधल्या अशाच वादळाने हा सगळा किनारा झोडपून काढला होता. नैर्ऋत्येचा वारा आला तर नशीब, तो पाठीशी राहतो. आणि चौथा प्रकार आपण शाळेच्या भूगोलात शिकलेलो आहोत: खारे वारे. मार्चअखेर इथला समुद्र जेमतेम सहा-सात अंशांवर असतो. ऊन पडलं की जमीन भराभर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. सकाळी शांत वाटणारा दिवस साडेदहा-अकराला अचानक बोचरा होतो, तो यामुळे. तोवर तुम्ही निम्म्या वाटेवर पोचलेले असता.

आता मुख्य हिशेब. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो वेग म्हणजे हवेच्या तुलनेत तुमचा वेग. चार तासांत मॅरेथॉन संपवणारा माणूस ताशी साधारण साडेदहा किलोमीटरने धावतो. हवा स्थिर असेल तर त्याला जाणवणारा वारा तेवढाच. समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा आला तर जाणवणारा वेग साडेपस्तीस. म्हणजे सुमारे ३.४ पट, आणि त्याचा वर्ग ११ च्या पुढे. वारा अडीच पट, अडथळा मात्र अकरा पट. न्यूटनमध्ये मोजलं तर मध्यम बांध्याच्या माणसाला स्थिर हवेत सुमारे २ न्यूटनचा विरोध होतो, तो या वाऱ्यात २३-२४ न्यूटन होतो. ६५ किलोच्या धावपटूसाठी हा विरोध म्हणजे दर १०० मीटरला साडेतीन मीटर चढणारा रस्ता, आणि तोही न संपणारा. तेवढ्याच दमात धावायचं ठरवलं तर माझ्या हिशेबाने किलोमीटरमागे चाळीसएक सेकंद जातात.

तोच वारा पाठीमागून आला तर? तुम्ही साडेदहाने पळता, वारा पंचविसाचा, म्हणजे पाठीवर ढकलणारा वारा फक्त साडेचौदाचा. त्याचा रेटा ४ न्यूटनच्या आसपास. स्थिर हवेतला २ न्यूटनचा विरोध वाचला तो यात मिळवा, तरी एकूण फायदा ६ न्यूटनांचा. किलोमीटरमागे दहा-बारा सेकंद. म्हणून 'जाताना समोरून, येताना पाठून, फिटंफाट' हे वाक्य जाऊन-येऊन मार्गाच्या शर्यतीत कुणी ऐकवलं तर मान डोलवू नये. वारा घेताना चाळीस घेतो आणि देताना दहा देतो. शिवाय समोरच्या वाऱ्यात तुमचा वेळही जास्त जातो, म्हणजे तोट्याचा काळ लांबतो.

बाजूचा वारा निरुपद्रवी असतो, हाही असाच एक गैरसमज. अगदी काटकोनात २५ चा वारा असला तरी हवेच्या तुलनेत एकूण वेग २७ च्या घरात जातो आणि पुढे जाण्याच्या दिशेचा विरोध स्थिर हवेपेक्षा सुमारे अडीच पट होतो. पाऊल तिरकं पडतं ते वेगळंच.

यात एक दिलासा आहे. हवामान खात्याचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. खाली घर्षणामुळे तो मंदावतो, आणि उघड्या सपाट जागी छातीच्या उंचीला त्याचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पोचतो. अंदाजात ३५ दिसलं तर अंगावर २५ धरावेत. वाइल्डवुडच्या घरांच्या आणि मोटेलांच्या रांगांमागे त्याहूनही कमी. पुलांवर मात्र ही सवलत नाही.

पुलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मूळ मार्गावर टोल भरायला लावणारे तीन पूल लागतात: केप मे सोडताना मिडल थरोफेअर, दुसऱ्या बेटाकडे जाताना ग्रासी साउंड, आणि शेवटी अ‍ॅव्हलॉन ते सी आयल जोडणारा टाउनसेंड्स इनलेट. तिन्ही बोटींसाठी मधून उघडणारे, केप मे काउंटी ब्रिज कमिशनचे. २०१८-१९ मध्ये टाउनसेंड्स इनलेटचा पूल काही गाळे बदलण्यासाठी कित्येक महिने बंद होता, इतकी खारी हवा लोखंड-काँक्रीट खाते. धावणाऱ्यासाठी पूल म्हणजे चढ, आडोसा शून्य, आणि खाली खाडीच्या तोंडातून मोकळा सुटलेला वारा. अशा जुन्या उघडणाऱ्या पुलांच्या मधल्या भागाला बरेचदा लोखंडी जाळी असते. ओली असेल तर ती घसरते, आणि थकलेल्या पायाचा चवडा तिच्यावर अडखळतो. तिथे पावलं आखूड टाकावीत, नजर दहा पावलं पुढे ठेवावी, आणि घड्याळाकडे अजिबात पाहू नये. सर्वांत वाईट म्हणजे टाउनसेंड्स इनलेट नेमका शेवटच्या टप्प्यात, पायांतलं ग्लायकोजेन संपत आलेलं असताना येतो.

वाऱ्यावर खरा उपाय एकच: दुसऱ्या माणसाचा आडोसा. याचा अभ्यास करणारा माणूस मोठा गमतीदार निघाला. ग्रिफिथ प्यू हा ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेला होता. पुढे त्याने धावणाऱ्यांवर वारा सोडून प्राणवायूचा खप मोजला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोजमापात असं आढळलं की मध्यम पल्ल्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सहा मीटरने धावताना, पुढच्या धावपटूच्या एक मीटर मागे राहिलं तर प्राणवायूचा खप ६.५ टक्क्यांनी कमी होतो. २०१९ मध्ये व्हिएन्नात एल्युड किपचोगे दोन तासांच्या आत धावला तेव्हा त्याच्याभोवती आळीपाळीने ४१ साथीदारांची फळी होती, ती याचसाठी. चार तासवाल्याचा वेग कमी, म्हणून स्थिर हवेत त्याला या आडोशाचा उपयोग नगण्य. पण समोरून २५ चा वारा असेल तेव्हा त्याच्या अंगावरची हवा किपचोगेच्या अंगावरच्या हवेपेक्षाही वेगाने जात असते. त्या दिवशी आडोसा त्यालाही तेवढाच मोलाचा.

अडचण अशी की हंगामाबाहेरच्या शर्यतीत माणसं थोडी. पहिल्या आठ-दहा किलोमीटरांत घोळके असतात, मग ते विस्कटतात, आणि अर्ध्या वाटेनंतर तुम्ही आणि समुद्र. म्हणून घोळका लवकर निवडावा. आपल्या मनातल्या वेगापेक्षा किलोमीटरला दहा सेकंद मंद असला तरी चालेल. एकट्याने चाळीस घालवण्यापेक्षा ते स्वस्त. नुसतं मागे लपून राहणं मात्र बरं दिसत नाही. दोन-तीन मिनिटांची पाळी घ्यावी, तोंडाने तसं सांगावं, लोक आनंदाने तयार होतात. वारा डावीकडून तिरका असेल तर पुढच्याच्या बरोबर मागे राहू नये, जरा उजवीकडे सरकावं. सावली तिरकी पडते, तसा आडोसाही तिरका पडतो.

२०१८ ची बोस्टन मॅरेथॉन या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. थंडी, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा. डेझ लिंडन सुरुवातीला शर्यत सोडून देण्याच्या विचारात होती. तसं तिने सोबतच्या शालेन फ्लॅनगनला सांगितलं, फ्लॅनगन वाटेत स्वच्छतागृहात गेली तेव्हा तिच्यासाठी वेग कमी करून थांबली आणि तिला पुन्हा घोळक्यात आणून सोडलं. शेवटी लिंडनच जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. पुरुषांत जपानचा युकी कावाउची २:१५:५८ मध्ये पहिला. बोस्टनच्या मानाने दोन्ही वेळा फारच संथ होत्या आणि दोघेही विजेते. त्याच मार्गावर २०११ मध्ये वारा पाठीशी होता, तेव्हा जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये आला. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळजवळ एक मिनिट लवकर. पण तो विक्रम म्हणून धरला गेला नाही, कारण विक्रमासाठी सुरुवात आणि शेवट यांमधलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, आणि उतारावरही मर्यादा आहे. शंभर मीटरला सेकंदाला दोन मीटर वाऱ्याची मर्यादा असते, मॅरेथॉनला वाऱ्याची कसलीच नाही. म्हणून मार्गावर घातलेली ही अट पाठच्या वाऱ्याचा काटा काढते.

तयारीत मराठी धावपटूची एक चूक ठरलेली: कपडे जास्त घालणं. ५ अंश तापमान आणि ताशी ३५ चा वारा म्हणजे उघड्या कातडीला शून्य अंशासारखं, हे खरं. पण धावायला लागल्यावर पंधरा मिनिटांत आतून भट्टी पेटते, घामाने आतला कपडा भिजतो आणि पुलावर तोच ओला कपडा गारठवतो. आत अंगाला चिकटून बसणारा, घाम शोषून न ठेवणारा टीशर्ट, वर कागदासारखं पातळ, गळ्याशी चेन उघडता येणारं विंडचीटर, हातमोजे, आणि उडणार नाही अशी कानटोपी. सुरुवातीला थांबण्यासाठी फेकून देता येईल असा जुना स्वेटर. विंडचीटर ढगळ असेल तर ते शिडासारखं फुगतं. छातीवरच्या नंबराला चार पिना लावाव्यात, दोन नाही. ओठांना आणि गालांना व्हॅसलीन. चष्मा उन्हासाठी नसला तरी वाळूसाठी हवा, वाइल्डवुडच्या लाकडी बोर्डवॉकवर ती डोळ्यांत जाते. आणि गार वाऱ्यात तहान लागत नाही, घाम दिसण्याआधीच सुकतो, त्यामुळे पाण्याचं टेबल सोडून देण्याचा मोह होतो. सोडू नये.

सराव मुंबईत करणाऱ्यांनी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर खारे वारे तोंडावर घेऊन पळावं, नंतर उलटं वळावं आणि दोन्ही वेळा नाडी सारखी ठेवून वेगातला फरक वहीत लिहावा. वाऱ्याच्या दिवशी किती सेकंद सोडायचे, हा अंदाज याशिवाय येत नाही. शर्यतीच्या दिवशी वेगाऐवजी दम धरून चालायचं असतं: शांत दिवशी मॅरेथॉनच्या वेगाला जसा श्वास चालतो तसाच चालला पाहिजे, घड्याळ काहीही म्हणो. वारा पाठीशी आला तरी त्याला 'वसूल' करायला जाऊ नये. दहा सेकंदच मिळणार आहेत, ते शांतपणे घ्यावेत.

सर्वांत जास्त थंडी शर्यत संपल्यावर वाजते. पाय थांबले की शरीरात उष्णता तयार होणं एकदम कमी होतं, वारा आणि ओले कपडे मात्र आपलं काम चालू ठेवतात. सी आयलच्या प्रोमेनाडवर पदक गळ्यात घालून समुद्रासमोर फोटो काढत उभे राहणारे दहा मिनिटांत थडथडू लागतात. कोरड्या कपड्यांची पिशवी शेवटच्या ठिकाणी पाठवावी, फोटोआधी बनियन आणि मोजे बदलावेत, गरम सूप शोधावं. गाडी केप मेलाच ठेवली असेल तर परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. आणि खोली घेताना शर्यतीच्या दिवशी दुपारपर्यंत राहू द्याल का, हे हॉटेलवाल्याला जरूर विचारावं. जुलैत तो हसला असता, मार्चमध्ये बहुधा हो म्हणतो.