पडजिभेचे स्लोव्हाकियातले नातेवाईक

आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा ‘आ’ करा. घशाच्या तोंडाशी वरून लोंबणारा छोटासा गुलाबी लोलक दिसला? ती पडजीभ. नावावरून वाटतं, ही पडलेली जीभ असणार. पण तिचा पडण्याशी काही संबंध नाही. जिभेच्या समोर असलेली दुसरी जीभ, म्हणून संस्कृतात तिला ‘प्रतिजिह्वा’ म्हणत. त्या ‘प्रति’चं मराठीत झालं ‘पड’!

आता आणखी शब्द बघा. प्रतिच्छाया म्हणजे पडछाया. प्रतिशब्दाचा झाला पडसाद. पावसात भिजल्यावर आजी म्हणते ना, ‘सर्दी-पडसं होईल’? त्या पडशाचं मूळ नाव प्रतिश्याय. आयुर्वेदाचे वैद्य आजही तोच शब्द वापरतात. आणि गुढीपाडव्यातला पाडवा? पंधरवड्याची पहिली तिथी प्रतिपदा, तिचाच तो पाडवा.

‘प्रति’चं ‘पड’ कसं झालं? मध्ये काहीतरी झालं असणार. ते मधलं रूप आपल्या नाशिकमध्ये दगडावर कोरलेलं आहे!

पांडवलेणी तुम्ही पाहिली असतील. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या वर एक मोठा शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे 1,900 वर्षं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि आपल्या लेकाचं भरभरून कौतुक कोरून घेतलं. त्या कौतुकात एक शब्द आहे ‘पटिपुण’. राजाचं रूप परिपूर्ण चंद्रासारखं देखणं होतं, असं आई सांगते. संस्कृतातला ‘प्रतिपूर्ण’ इथे ‘पटिपुण’ झालाय. म्हणजे ‘प्रति’मधला र निघून गेला, पण जाताना शेजारच्या त ला कडक करून ट बनवून गेला. पुढे ट चा झाला ड, ‘पडि’ आणि मग ‘पड’. प्रति, पटि, पडि, पड. यातली दुसरी पायरी बघायला तुम्हाला शहराबाहेरही जावं लागत नाही. याच लेखात ‘सतुजन’ असाही शब्द आहे. कोण असतील हे? शत्रुजन!

पण शत्रू आणि ‘प्रति’ यांचा संबंध काय? कबड्डीचं मैदान आठवा. दोन संघ एकमेकांच्या समोर उभे असतात. ‘समोरचा संघ’ म्हणजेच विरुद्ध संघ. ‘प्रति’चा जुना अर्थ ‘-कडे, समोर’ असा आहे, आणि समोर उभा ठाकणारा तो प्रतिस्पर्धी. इंग्रजीतल्या ‘ऑपोझिट’ची गोष्टही तीच: लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘समोर ठेवलेलं’. म्हणून दुकान शाळेच्या ‘ऑपोझिट’ असतं आणि सामन्यातली टीमही ‘ऑपोझिट’ असते. आकाशात सूर्य एका बाजूला, गुरू दुसऱ्या बाजूला आणि पृथ्वी मध्ये आली, की इंग्रजीत त्याला ‘ऑपोझिशन’ म्हणतात आणि मराठीत ‘प्रतियुती’. त्या दिवसांत इकडे सूर्य मावळतो आणि तिकडे पूर्वेला गुरू उगवतो.

आता नाशिकहून थेट युरोपच्या मध्यावर जाऊ. तिथे स्लोव्हाकिया नावाचा छोटा देश आहे. 1 जानेवारी 1993 पासून तो स्वतंत्र देश झाला. डॅन्यूब नदीकाठचं ब्रातिस्लावा ही त्याची राजधानी. तिथली मुलं स्लोव्हाक भाषा बोलतात आणि त्या भाषेत ‘विरुद्ध’ला म्हणतात ‘प्रोति’.

प्रोति आणि प्रति! दोघांचे संसारही सारखेच. स्लोव्हाकमध्ये ‘ऊतोक’ म्हणजे हल्ला, म्हणून ‘प्रोतिऊतोक’ म्हणजे प्रतिहल्ला. ‘येद’ म्हणजे विष, म्हणून ‘प्रोतियेद’ म्हणजे प्रतिविष, विषावरचा उतारा. आजाराशी लढायला आपल्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात ना? ‘लात्का’ म्हणजे द्रव्य, म्हणून प्रतिद्रव्याला स्लोव्हाक डॉक्टर म्हणतात ‘प्रोतिलात्का’.

हा निव्वळ योगायोग असेल का? एखादाच शब्द जुळला असता, तर तशी शंका घ्यायलाच हवी होती. भाषाशास्त्रज्ञ म्हणून एका शब्दावर थांबत नाहीत, नियम शोधतात. आपण एक शोधून बघू. संस्कृत धूम, स्लोव्हाक ‘दिम’; दोन्हींचा अर्थ धूर. संस्कृत मधु, स्लोव्हाक ‘मेद’, अर्थ मध. संस्कृत विधवा, स्लोव्हाक ‘व्दोवा’, अर्थ तोच. दरवेळी आपला ध तिथे द होतो. एवढी शिस्त योगायोगात नसते. या भाषा एकाच आजीच्या नाती आहेत. तिचं नाव आद्य इंडो-युरोपीय. ती कोणी लिहून ठेवली नाही, पण नातींची तुलना करकरून अभ्यासकांनी तिचे कितीतरी शब्द पुन्हा उभे केले आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात एका भाषणात सांगितलं, तेव्हापासून या शोधाला जोर आला.

इंग्रजीही याच घरातली. तिच्यातला ‘विथ’ तुम्ही ‘सोबत’ या अर्थाने शिकलात. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘विरुद्ध’! ‘विथस्टँड’ म्हणजे तोंड देणं, टिकाव धरणं, यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आणि या ‘विथ’चा नातेवाईक कोण? आपल्या ‘विरोध’ शब्दातला ‘वि’. मला तर हे नातं सगळ्यांत जास्त आवडतं.

मात्र सावध राहा, सारखं दिसलं की नातं असतंच असं नाही. स्लोव्हाकमध्ये ‘बेज़’ म्हणजे ‘शिवाय’. मराठीत बेशिस्त, बेपत्ता, बेरोजगार यांतल्या ‘बे’चा अर्थही तसाच. जुळी भावंडंच वाटतात! पण आपला ‘बे’ फारसीतून आला आहे आणि त्याचं मूळ निराळं आहे. ‘बेज़’चा खरा नातेवाईक म्हणून अभ्यासक बोट दाखवतात ते संस्कृत ‘बहिः’कडे, म्हणजे बहिष्कारातल्या ‘बहिः’कडे. पडदा शब्दातही ‘प्रति’ शोधू नका. पडदा फारसी आहे. पडवळाचं मूळ आहे पटोल.

घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांच्या बोलण्यात ‘पड’ने सुरू होणारे आणखी कोणते शब्द आहेत. यादी करा आणि एकेकाच्या मागे ‘प्रति’ उभा आहे का, ते शब्दकोशात तपासा. आणि पांडवलेण्यांत गेलात तर तो लेख जरूर बघा, पण अक्षरांना हात लावू नका. ती झिजली, तर पुन्हा कोरता येणार नाहीत.