बरे वाटणे आणि आतडे बरे होणे

जुलाब थांबले आणि शौचातून रक्त पडेनासे झाले की औषध लागू पडले, मग पुन्हा दुर्बिणीची तपासणी कशाला, हा समज जुळे सोलापुरात काय किंवा मोठ्या शहरात काय, सारखाच पक्का बसलेला आढळतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज व व्रण येणे, आणि क्रोन्स डिसीज, म्हणजे पचनमार्गाच्या कोणत्याही भागात भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरणारा दाह, हे दोन्ही विकार औषधाविनाही काही काळ ओसरतात व पुन्हा उफाळतात. त्यामुळे ‘औषध घेतले आणि बरे वाटले’ एवढ्यावरून ते औषधामुळेच बरे वाटले हे सिद्ध होत नाही. १९५५ मध्ये ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिझोनची चाचणी घेतली, तेव्हा औषध मिळालेल्या गटात ४१ टक्के रुग्णांची लक्षणे शमली, पण औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळालेल्या गटातही सुमारे १६ टक्क्यांची शमली. तुलनेला दुसरा गट नसता तर या १६ टक्क्यांचेही श्रेय औषधालाच गेले असते.

मोजायचे काय, हा प्रश्न याहून अवघड आहे. क्रोन्ससाठी १९७६ मध्ये तयार झालेल्या सीडीएआय या निर्देशांकात रुग्णाने सात दिवस ठेवलेल्या नोंदवहीतील पातळ शौचाची संख्या, पोटदुखी आणि एकंदर प्रकृती यांना मोठे वजन आहे, व १५० पेक्षा कमी गुण म्हणजे रोग शमला असे मानले जाते. क्रोन्सवरील औषधांच्या, २०१० च्या सॉनिक या चाचणीतील माहितीचे नंतर विश्लेषण झाले, तेव्हा या निकषाने ‘शमलेल्या’ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत दुर्बिणीतून किंवा रक्तातील सीआरपी या दाहदर्शक प्रथिनावरून दाह शिल्लक असल्याचे दिसले. उलट आतडे भरून आलेल्या काहींची लक्षणे मात्र कायम होती. भारतात याची किंमत आणखी जड आहे, कारण आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो आणि अनेकांना आधी क्षयरोगाची औषधे दिली जातात. दिल्लीच्या एम्समधून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे क्रोन्स ठरलेल्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांना या औषधांनी बरे वाटले, पण क्रोन्सच्या रुग्णांपैकी अस्तर भरून आले ते सुमारे पाच टक्क्यांचेच, तर क्षयरोग ठरलेल्या सर्वांचे व्रण भरले होते. केवळ लक्षणांवर विसंबून राहिले की खरे निदान लांबते आणि तोवर दाह आतडे अरुंद करत राहू शकतो. इतके स्पष्ट पुरावे हाती असताना ‘बरे वाटते ना, मग झाले’ हे उत्तर रुग्णाला देणे अक्षम्य आहे.

म्हणूनच अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या चाचण्यांत १९८७ पासून वापरात असलेल्या मेयो गुणांकात शौचाची संख्या, रक्तस्राव, दुर्बिणीतील चित्र आणि वैद्याचे मत या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण मिळतात. यातही डोळा फसतो: फेगन व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात स्थानिक तज्ज्ञांनी चाचणीस पात्र ठरवलेले सुमारे ३१ टक्के रुग्ण, गट माहीत नसलेल्या केंद्रीय वाचकाने चित्रफीत पाहिल्यावर अपात्र ठरले. त्यांना वगळल्यावर, एरवी संख्याशास्त्रीयदृष्ट्या अनिर्णित राहिलेला औषधाचा फायदा स्पष्ट दिसला. अचूक मोजमाप चांगल्या औषधालाही न्याय देते, हे यातून कळते, आणि चाचणी म्हणजे कंपनीला हवा तो आकडा काढण्याची सोय, या समजाला उत्तरही मिळते.

इतर गैरसमज थोडक्यात सांगता येतील. दुर्बीण हेच एकमेव साधन नव्हे. शौचाच्या नमुन्यातील कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाचे प्रमाण दाहाचा अंदाज देते, पण शंका असल्यास दुर्बीण टळत नाही. शेंगाचटणी किंवा तिखट खाल्ल्याने हे विकार उद्भवतात, असा पुरावा नाही. ‘रेमिशन’ म्हणजे रोग शमणे, कायमचा नाहीसा होणे नव्हे. रुग्णाने मनाने औषध सोडल्यास रोग उलटण्याची शक्यता वाढते. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा दाहक विकार नाही, आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज), म्हणजे वरील दोन्ही विकारांचा गट, मात्र दाहक आहे; नावे जवळची म्हणून उपचार एक होत नाहीत.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण एकाच रांगेत असतात, त्यामुळे लक्षणांची नोंदवही प्रत्येकाच्या भाषेत आणि पडताळून घेतलेली नसेल तर ‘पातळ शौच’ या साध्या प्रश्नाचीही उत्तरे एकमेकांशी तोलता येत नाहीत. काय मोजायचे, हेही आधीच ठरावे लागते: भारतात १५ जून २००९ पासून औषध-चाचणी सुरू होण्याआधी तिची सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या नोंदवहीत नोंद बंधनकारक असून, मुख्य निष्पत्ती म्हणून काय व कधी मोजणार, हे त्या नोंदीत आधीच लिहावे लागते. ती नोंद कोणालाही विनामूल्य वाचता येते.